चारशे दुसरी शब्ती

१

मुकादम हातिआयच्या पेटीत एक शब्ती, म्हणजे मेलेल्यासोबत पुरायची बाहुली, कमी निघाली असती, तर कुणी जाणतीला बोलावलं नसतं. कमी निघाली की घडवणाऱ्याच्या दारात जायचं, चार शिव्या हासडायच्या आणि राहिलेली घेऊन यायची. पण हातिआयच्या पेटीत एक जास्त निघाली. आणि थडगी खोदणाऱ्यांच्या आमच्या या गावात कुणी कुणाला कांद्याची पातसुद्धा जास्तीची देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातिआयला टेकडीतल्या त्याच्या थडग्यात न्यायचं होतं. देह सुकवून पट्ट्यांत गुंडाळायचे सत्तर दिवस भरले होते. त्याची बायको हेनुत जन्माची शंकेखोर. निळ्या चकाकीच्या त्या वीतभर बाहुल्या पेटीतून काढून तिने अंगणात दहा-दहांच्या रांगा लावल्या. वर्षाच्या दिवसाला एक अशा तीनशे पासष्ट राबणाऱ्या, आणि त्यांच्यावर चाबूक घेतलेले छत्तीस मुकादम. मेल्यावर पश्चिमेच्या शेतात नांगरायचं, पाणी ओढायचं बोलावणं आलं, की धन्याऐवजी उठून 'हजर' म्हणायचं, हे त्यांचं काम. गरिबाला दोन-चार मातीच्या पुरतात. हातिआयला राजवाड्यातल्यासारखा पुरा संच हवा होता. जन्मभर दुसऱ्यांना राबवत आलेला माणूस मेल्यावर स्वतः कुदळ कशाला धरील?

चारशे एक बरोबर भरल्या. आणि मग पेटीच्या तळाशी, भुशाखाली, हेनुतच्या हाताला आणखी एक लागली. लाकडाची, ओबडधोबड, कापडाच्या पट्टीत गुंडाळलेली.

"हे बघ," तिने ती वेबखेतच्या नाकासमोर धरली. "तू गावाची जाणती ना? सांग मला, ही कुणाची?"

वेबखेत पन्नाशीची, विधवा, अंगाने काटकुळी. गावात काही हरवलं, चोरीला गेलं, कुणाचं पोर आजारी पडलं की लोक तिच्याकडे यायचे. ती वाडग्यात पाणी घेऊन बघत बसायची. खरं सांगायचं तर पाण्यात तिला पाण्याशिवाय कधी काही दिसलं नाही. ती समोरच्या माणसाचं तोंड बघायची आणि त्यातून काय ते ओळखायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं, म्हणून गाव तिला मानत होतं.

हेनुतने पट्टी सोडून बाहुली उलटी केली. पायाखाली खूण कोरली होती: दोन आडव्या रेघा आणि खाली माशाचं शेपूट. ज्यांना अक्षर येत नाही त्या कारागिरांच्या घराघराची अशी खूण असते, बापाची मुलाकडे जाते. ही कुठल्या घरची, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"तुझ्याच घरची ना?" हेनुत कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या पेटीत तुझा नवरा फुकटात घुसवलास की काय? नऊ वर्षं झाली त्याला जाऊन, आता आठवण झाली?"

"मी नाही घातली."

"मग कुणी घातली ते उन्हं उतरायच्या आत सांग. नाही तर भाकरीच्या भट्टीत टाकते. माझ्या माणसाच्या घरात परका नको मला."

वेबखेतने बाहुली हातात घेतली. लाकूड झाऊचं, घामाने काळं झालेलं, आणि एका अंगाला जळका डाग. तो डाग तिच्या चुलीचा होता. हा तिच्या नवऱ्याच्या मोगरीचा, दगडकामाच्या लाकडी हातोड्याचा, दांडा; ती मोगरी नवऱ्यामागे पोराकडे आली आणि त्याने एकदा ती चुलीशी ठेवून दांडा पोळवला होता.

साडेचार महिन्यांपूर्वी तिचा मुलगा पेनदुआ घरातून निघून गेला, तेव्हा ती मोगरी त्याच्या कमरेला होती.

२

पेनदुआ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषमाणसं टेकडीवर शोधायला निघाली होती. मुकादम हातिआयने त्यांना अर्ध्या वाटेवर थांबवलं. "आधी जाणतीला विचारा," तो म्हणाला, "घरात दिवा असताना अंधारात कशाला चाचपडता?" वेबखेत वाडगं घेऊन बसली. पाण्यात नेहमीप्रमाणे काही नव्हतं. समोर सून साहते उभी होती, तीन महिन्यांची पोटुशी, भीतीने पांढरी पडलेली. आदल्या रात्री नवराबायकोचं भांडण झालं होतं हे वेबखेतला ठाऊक होतं. तरणं पोर, रुसून गेलं असेल. तिने सांगून टाकलं, उत्तरेला गेलाय, नदीने गेलाय, सुखरूप आहे. लोक माघारी फिरले. तेव्हापासून साहते रोज एक भाकरी जास्तीची करायची आणि सकाळी ती शिळी गाढवाला घालायची.

आता वेबखेत हेनुतच्या अंगणात त्या रिकाम्या पेटीपुढे बसली आणि मनाला समजावू लागली. विकली असेल त्याने मोगरी. वाटखर्चाला माणूस काय काय विकतो. घेणाऱ्याने दांड्याची बाहुली केली असेल. पण मग पायाखाली खूण का कोरली? आणि कापडात का गुंडाळली? ज्याचं प्रेत हाती लागत नाही, त्याच्याच नावाची बाहुली अशी गुंडाळतात. हे गावात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? दोन बुडालेल्यांच्या बाहुल्या तिने स्वतःच्या हाताने गुंडाळून दिल्या होत्या.

तिने पेटीत डोकं घातलं. आतून काळी राळ लावलेली होती, आणि तळाच्या राळेत कापडाचे चार धागे रुतून बसले होते. हेनुतने बाहुली ओढून काढली तेव्हा मागे राहिलेले.

म्हणजे बाहुली ठेवली तेव्हा राळ ओली होती.

शब्त्या घडवणारा इपुई आपल्या भट्टीपाशी साचे धूत होता. तोंडाचा फटकळ, पण हात सोन्याचा.

"काय जाणती, वाडग्यातलं पाणी आटलं का?" तो म्हणाला. "हेनुतने मला सकाळपासून तीनदा चोर म्हटलं. जास्त दिली म्हणून चोर! हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

"पेटी तुझ्याकडे आली तेव्हा आतली राळ कशी होती?"

"खडखडीत वाळलेली. ओल्या राळेत मी माझा माल ठेवीन? निळ्यावर काळं लागलं तर हेनुत मला जिवंत पुरील."

"भुसा तूच भरलास?"

"नाही ना. तळाचा भुसा आधीच भरलेला होता. म्हटलं, मुकादमाचं पोर पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं." त्याने साचा झटकला आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमला. "वेबखेत, कुणी का घातली असेना. असू दे की बिचारी. एवढ्या मोठ्या पेटीत एक लाकडाचा तुकडा काय जड होतो?"

"माझ्यावर सोपवलंय," ती म्हणाली. पण ते खरं कारण नव्हतं. हेनुतची भट्टी पेटायची होती, आणि त्या आधी तिला स्वतःला कळायला हवं होतं की भट्टीत काय जाणार आहे, नुसतं लाकूड की तिचं लेकरू.

३

पेटी रंगवली होती चिताऱ्याने, नेबरेने. तो सावलीला बसून हातिआयच्या नावाची पाटी पुरी करत होता. नेबरे वेबखेतच्या नवऱ्याच्या वयाचा. अक्षर येतं याचा त्याला भारी ताठा.

"वहिनी, मी राळ लावली आणि त्याच दुपारी आपेहती पेटी न्यायला हजर," तो म्हणाला. आपेहती म्हणजे हातिआयचा थोरला मुलगा. "मी म्हटलं, अरे दोन दिवस वाळू दे, ओली आहे. ऐकायलाच तयार नाही. आईने मागितलीय म्हणाला. डोक्यावर घेऊन गेला. बापाचं काम आहे, मी काय बोलणार?"

वेबखेतने बाहुलीचा पाय त्याला दाखवला. "समजा नेबरे, ही तुलाच कुणाच्या पेटीत ठेवायची असती, तर?"

"तर मी नाव लिहिलं असतं!" नेबरे जवळजवळ चिडला. "पश्चिमेला अक्षरं वाचतात, वहिनी. ही खूण गाढवावरून पाणी आणणाऱ्याला कळेल, देवांना काय कळणार? हे ज्याला अक्षराचं ओ की ठो कळत नाही त्याचं काम. नाव घालायची तळमळ मात्र दिसते हो. खोल कोरलंय. तीन-चारदा गिरवलंय."

वेबखेत उठली. वाटेने तिने सगळं जुळवलं. इपुईकडे पेटी आली ती वाळलेली. नेबरेकडे ओली होती, पण त्याने नाव लिहिलं असतं. मधले दोन दिवस पेटी ज्याच्याकडे होती त्याने तळाला भुसा घातला, आणि त्याला अक्षर येत नव्हतं. आपेहतीने लहानपणी लिहायच्या पाट्या फोडून टाकल्या होत्या, हे गावभर माहीत होतं. पाट्या फोडताना सोबतीला पेनदुआ होता. दोघांनी मिळून मार खाल्ला होता.

हेनुतने पेटी मागितलीच नव्हती. हे विचारायचीही गरज नव्हती. मागितली असती तर ती त्याच दिवशी उघडून बघितल्याशिवाय राहिली असती थोडीच?

आपेहती थडग्याच्या तोंडाशी एकटाच होता, वाटेतले दगड बाजूला करत. बावीस वर्षांचा, आडव्या अंगाचा पोर. उद्यापासून गावाचा मुकादम. वेबखेतने काही न बोलता बाहुली त्याच्यापुढे धरली. त्याने बघितलं, आणि हातातला दगड खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

"खूण केली नसतीस तर मी कधीच ओळखलं नसतं, आपेहती," ती म्हणाली. "त्याने मोगरी विकली, कुणीतरी तिची बाहुली केली, असं म्हणून सोडून दिलं असतं."

"खुणेशिवाय कशी ठेवू, मावशी?" तो म्हणाला. "नाव नसलेल्याला तिकडे कोण विचारतं? उद्या पेटीपुढे तोंड उघडायचा विधी होईल, तिकडे बोलता यावं म्हणून मंत्र म्हणतील. त्याच्यासाठी वेगळं कोण म्हणणार होतं?"

"कुठे आहे तो?"

त्याने वर, लाल कड्याकडे बघितलं.

मग त्याने सांगितलं. जुन्या काळच्या एका थडग्याची विहिरीसारखी खोल वाट त्या दोघांना सापडली होती. साहतेला दिवस गेलेले, घरात येणाऱ्या बाळासाठी एक तांब्याचं भांडंही नव्हतं. पेनदुआ सडपातळ, म्हणून दोराने तोच उतरला. मोगरी वर ठेवून गेला. अर्ध्यावर कडा खचला. तो खाली पडला, पाय मोडला. आपेहती दोर पुन्हा सोडतोय तोच पहारेकरी येताना दिसले. थडगं फोडणाऱ्याला सूळ, हे काय सांगायला हवं? त्याने दोर ओढून घेतला, तोंडावर दगड लोटले आणि पळाला. पहारेकरी जातील, मग काढू म्हणून. पहारेकरी गेले नाहीत. तिथेच वीस पावलांवर त्यांनी चौकी मांडली, ती आजही आहे.

"भरदुपारी, ते झोपले की मी रांगत जायचो. दगडांना कान लावायचो. तो ओरडत होता, मावशी. मी आहे, मी इथे आहे, असं."

"किती दिवस?"

"नको ना."

"किती दिवस, आपेहती?"

"तीन."

वेबखेत खाली बसली.

"मी बाबांना सांगितलं," तो रडत म्हणाला. "ते म्हणाले, तोंडातून शब्द काढशील तर एकाच्या जागी दोघं जातील. दुसऱ्या दिवशी सगळे शोधायला निघाले तेव्हा मी वर बसून होतो. धरला गेलो असतो, पण तरी बरं वाटलं होतं. म्हटलं, येतील, ऐकतील, काढतील त्याला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग खाली आलो तर सगळे घरी. म्हणाले, जाणतीने सांगितलंय, उत्तरेला आहे."

टेकडी जागच्या जागी होती, ऊन होतं, खाली गावात कुणीतरी गाढवाला शिव्या देत होतं. वेबखेतच्या डोळ्यांत पाणी येईना. त्या तीन दिवसांत तिने काय केलं होतं? पहिल्या दिवशी मसूर निवडले. दुसऱ्या दिवशी पाण्याकडे बघून खोटं बोलली. तिसऱ्या दिवशी साहतेला दटावलं, रडू नको, पोटातल्याला लागतं. आणि वर तिचं पोर ओरडत होतं. लोक अर्ध्या वाटेवर पोचले होते. त्यांना हातिआयने थांबवलं खरं, पण परत फिरवलं ते तिने.

हातिआयलाही तिनेच औषधं दिली होती, शेवटच्या दिवसांत. तो तिचा हात धरून रडायचा. तिला वाटायचं, बिचाऱ्याला मरणाची भीती वाटतेय.

"मी सांगून टाकतो सगळं," आपेहती म्हणाला. "नदीपार जातो, मोठ्या अधिकाऱ्यापुढे उभा राहतो. देऊ देत सुळावर. सुटेन तरी."

"तू सुटशील," वेबखेत म्हणाली. "आणि त्याला बाहेर काढतील, ते चोर म्हणून. पुरणार नाहीत, जाळतील. नाव खरवडून टाकतील. साहतेला घराबाहेर घालतील, आणि तिचं पोर जन्माला यायच्या आधी चोराचं होईल. एवढं करून तुला सुटायचंय?"

त्याने मनगटाने नाक पुसलं.

"गप्प राहा," ती म्हणाली. "तुझ्या बापाने शिकवलंय ना, तसाच."

४

हेनुतने भट्टी पेटवली होती. अंगणात धूर झाला होता, आणि चारशे एक निळ्या शब्त्या पुन्हा पेटीत शिरायची वाट बघत रांगेत उभ्या होत्या.

"लागला शोध?"

"लागला," वेबखेत म्हणाली. "ही माझ्या नवऱ्याचीच. त्याच्या मोगरीचा दांडा आहे, हा बघ डाग. तुझ्या नवऱ्यानेच ठेवून घेतली होती. तीस वर्षं एका भिंतीवर काम केलं दोघांनी. जाताना त्याने आपेहतीला सांगितलं, माझ्या गड्याला माझ्याजवळ ठेव, आणि कुणाला बोलू नको, बायका हसतील."

हेनुतने मागोमाग आलेल्या मुलाकडे बघितलं. आपेहतीने मान खाली घातली. गावाच्या जाणतीचं हे दुसरं मोठं खोटं, आणि पहिल्यासारखंच ते लगेच खपलं.

"माझ्याजवळ बोलला नाही कधी," हेनुत पदराने डोळे टिपत म्हणाली. "असाच होता बाई तो. वरून कडक." मग तिने स्वतःच ती बाहुली पट्टीत गुंडाळली आणि तळाशी ठेवली. "असू दे. पण राबायचं माझ्या माणसासाठी, हं. फुकट खायचं नाही."

वेबखेतने मान हलवली. दुसरं काय करणार होती? पोराला जागा मिळाली होती, ज्याने त्याला आत मरू दिलं त्याच्या पायाशी, त्याचा गडी म्हणून. यापेक्षा चांगली जागा तिला जगात कुठे मिळवता येत नव्हती.

सकाळी हातिआयला नेलं. बायकांनी डोक्यावर धूळ घेतली, ऊर बडवले. पेटीपुढे मंत्र झाले. वेबखेत अशी रडली की तिला दोघींनी धरून ठेवावं लागलं. 'एवढी माया होती होय मुकादमावर,' असं कुणीतरी मागे म्हणालं, आणि कुणीतरी दबक्या आवाजात हसलंही.

घरी आल्यावर साहतेने तिचे पाय धुतले. आता आठवा महिना होता, तिला वाकवत नव्हतं.

"आत्याबाई, सुईण म्हणत होती, नाव ठरवून ठेव, मूल बाहेर आलं की लगेच हाक मारावी लागते," ती म्हणाली. "मी सांगितलं, नाही. ते परत आले की ठेवतील. तोवर नुसतं बाळ म्हणू."

"नाही," वेबखेत म्हणाली.

"का? महिना-दोन महिने उशीर झाला तर काय होतंय?"

"बिननावाचं ठेवायचं नाही. एक दिवससुद्धा नाही." वेबखेत थांबली. तिला वाटलं होतं आपण गप्प राहू शकू. "मुलगा झाला तर पेनदुआ ठेव."

साहते हसली. "काहीतरीच काय, आत्याबाई! आपल्यात गेलेल्याचं नाव ठेवतात. जिवंत बापाचं नाव कुणी पोराला..."

ती बोलायची थांबली. तिने सासूच्या तोंडाकडे बघितलं, आणि या वेळी बघणारी साहते होती, ओळखणारी तीच होती. तिच्या हातातलं भांडं कलंडलं, पाणी जमिनीवर पसरलं. तिचं तोंड उघडलं आणि आवाज निघायच्या आत वेबखेतने झेप घेऊन त्यावर हात दाबला, दुसऱ्या हाताने तिचं डोकं छातीशी आवळून धरलं. साहते तिच्या तळहाताला चावली. वेबखेतने हात काढला नाही.

दोन घरांमध्ये एकच भिंत होती. पलीकडचं पीठ दळणं थांबलं.

"काय गं, काय पडलं?" शेजारणीने हाक मारली. "सगळं ठीक ना?"

"काही नाही गं," वेबखेतने मोठ्याने सांगितलं. "पोटातलं लाथा मारतंय."